तुमच्या घरात बसून माझ्या कापडाला नावं ठेवणारा कोण?

तुर्कस्तानातल्या कप्पाडोकियाला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या फोनमध्ये बलूनचे फोटो असतात, माझ्याकडे नाहीत. दोन्ही दिवस पहाटे साडेतीनला उठून, स्वेटरवर स्वेटर चढवून हॉटेलच्या लॉबीत बसलो आणि दोन्ही दिवस वाऱ्यामुळे फ्लाइट कॅन्सल. मग ग्रुपला गालिच्यांच्या दुकानात न्यायचं ठरलं, तिथे सफरचंदाचा चहा पाजून तासन्‌तास गालिचे उलगडून दाखवतात हे आधीच ऐकून होते, म्हणून मी आणि नवरा सरळ टॅक्सी करून कायसेरीला सटकलो. नवऱ्याला तिथली मंती खायची होती, म्हणजे आपले मोमोच समजा पण नखाएवढे आणि वर दही. मला कुल्तेपे बघायचं होतं.

कुल्तेपे म्हणजे राखेची टेकडी. कायसेरीपासून वीसेक किलोमीटरवर आहे. खरं सांगते, बघण्यासारखं फार काही नाही. वीसेक मीटर उंचीचा एक प्रचंड गोल मातीचा ढीग, त्याच्यावर राजवाड्याचे पाये, लांबवर बर्फाची टोपी घातलेला एर्जियेस डोंगर, आणि ढिगाच्या पायथ्याशी शेतांच्या लेव्हलला गुडघाभर उंचीच्या दगडी भिंतींच्या ओळी, मधे गवत. नवरा म्हणाला, यासाठी आलो आपण? मी म्हटलं हो, यासाठीच. कारण ढीग नाही, मला तो खालचा गवतातला भाग बघायचा होता. तिथे साधारण ३९०० वर्षांपूर्वी कानेश नावाच्या शहराची व्यापारी पेठ होती, तिला 'कारुम' म्हणायचे. कारुम म्हणजे मुळात नदीकाठचा धक्का, जिथे होड्या लागतात आणि माल उतरतो. इथे होडी लागण्यासारखं पाणीच नाही, पण शब्द आणणारे लोक नदीकाठचे होते, त्यांनी आपला शब्द सोबत आणला.

हे लोक अश्शुरचे. अश्शुर म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिसच्या काठावर. अ‍ॅसिरियन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दाढ्या विंचरलेले राजे, सिंहाची शिकार, शहरं जाळणं, कैद्यांची कातडी सोलणं वगैरे येतं, आणि ते खोटं नाही. काळा घोड्याच्या म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातल्या कोरीव शिळा आहेत, शाळेच्या ट्रिपला सगळे त्यांच्यासमोरून पळत पुढे जातात. पण ते साम्राज्य यायला अजून हजारेक वर्षं अवकाश होता. इ.स.पू. १९०० च्या आसपासचं अश्शुर म्हणजे एक छोटं शहर, राज्य नावापुरतं. राजा स्वतःला राजा म्हणवतसुद्धा नव्हता, राजा म्हणजे अश्शुर देव आणि हा त्याचा मुनीम. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून एक अधिकारी निवडायचे आणि त्या वर्षाला त्याचंच नाव द्यायचे. यांच्याकडे खाण नाही, मोठं सैन्य नाही, धान्यसुद्धा बेताचं. यांचा धंदा एकच, इकडचा माल तिकडे.

माल दोन प्रकारचा. कथील आणि लोकरी कापड. कथील पूर्वेकडून, इराणच्या बाजूने यायचं, आणि ते नसेल तर तांब्याचं ब्राँझ होत नाही. अनातोलियात म्हणजे आताच्या तुर्कस्तानात तांबं भरपूर, कथलाची बोंब. मग काळी गाढवं. पत्रांमधून सारखं 'काळी गाढवं' येतं. एका गाढवावर ६५ किलोच्या आसपास कथील आणि वरून काही तागे कापड, किंवा मग नुसतं कापडच पंचवीस-तीस नग, आणि हजार किलोमीटर चालत, सहा आठवडे. अश्शुरमध्ये एक शेकेल चांदी दिली की १३ ते १६ शेकेल कथील मिळायचं (शेकेल म्हणजे आठ ग्रॅमच्या थोडं वर, पाऊण तोळाच्या आतबाहेर), आणि कानेशला पोचलं की एका शेकेल चांदीत सहा ते आठच. म्हणजे दुप्पट. कापडात तर तिप्पट सुटायचे. येताना चांदी, थोडं सोनं, वजन कमी म्हणून बरीचशी गाढवं तिथेच विकून टाकायची. भावनाबिवना नाही.

आणि टॅक्स होताच. वाटेतले छोटे राजे घ्यायचे, कानेशचा राजवाडा कापडावर पाच टक्के घ्यायचा, वर दहा टक्के कापड स्वतःसाठी आधी उचलायचा हक्क. त्यामुळे चोरवाट असणं ओघाने आलंच. तिला ते 'अरुंद वाट' म्हणायचे. एक पत्र तर एकदम घाबरून लिहिलेलं आहे, की अमक्याने चोरटा माल पुशु-केनकडे पाठवला, तो पकडला गेला, राजवाड्याने पुशु-केनला तुरुंगात टाकलंय, पहारा कडक आहे, राणीने आजूबाजूच्या शहरांना चोरट्या मालाबद्दल कळवलंय आणि डोळे पेरून ठेवलेत, तेव्हा कृपा करून तू आता काहीही चोरून आणू नकोस. पुशु-केन म्हणजे कोणी भुरटा नव्हे हां, कानेशमधल्या बड्या असामींपैकी एक. बडे लोकही आत जायचे, हे वाचून उगाच बरं वाटलं.

एक जाता जाता सांगते, भाषेचं वेड असलेल्यांसाठी. ही पत्रं त्यांच्या अश्शुरी भाषेत आहेत पण मधे मधे तिथले स्थानिक शब्द घुसलेत, आपण मराठीत बिनधास्त 'टेबल' म्हणतो तसे. त्यातला एक 'इश्पतल्लु' असा आहे, अर्थ रात्रीच्या मुक्कामाची जागा. हा हित्ती भाषेतला शब्द, त्या भाषेत रात्रीला 'इश्पंत' म्हणत. आणि त्याचा चुलतभाऊ संस्कृतमधला 'क्षपा', म्हणजे रात्रच, आणि फारसीतला 'शब', शब-ए-बरातमधला. पुढे हित्तींचं मोठं साम्राज्य झालं आणि ते आपल्या भाषेला याच गावाच्या नावाने ओळखायचे, नेशाची भाषा. नेशा म्हणजे कानेशच. आपल्या भाषाकुळातले लेखी सापडलेले सगळ्यात जुने शब्द या गाढववाल्यांच्या पत्रव्यवहारात आहेत, कुठल्या मंत्रात नाहीत.

तर पत्रं. तेवीस हजारांच्या आसपास मातीच्या पाट्या निघाल्यात इथून. १८८० च्या सुमारास बाजारात यायला लागल्या, गावकरी शेतातून काढायचे आणि दलालांना विकायचे, पण कुठून मिळतात ते कोणी सांगायला तयार नाही. १९२५ मध्ये ह्रोझ्नी नावाचा चेक विद्वान आला (हित्ती भाषा उलगडली तोच हा), तो टेकडी खणत बसला, हाती काही लागेना, आणि शेवटी म्हणतात की त्याच्याच गाडीवानाने आणि आचाऱ्याने सांगितलं, साहेब वर काय खणताय, खाली शेतात बघा. मग १९४८ पासून तहसिन ओझ्गुच या तुर्की पुरातत्त्वज्ञाने खणायला सुरुवात केली ती २००५ मध्ये वारेपर्यंत. सत्तावन्न वर्षं एका जागेवर! आमच्या सोसायटीत सेक्रेटरी सहा महिने टिकत नाही.

पाटी केवढी असते? तळहातावर मावेल एवढी, फुगीर, साबणाची वापरून गुळगुळीत झालेली वडी असते ना तशी. दोन्ही बाजूंनी आणि कडेवरूनसुद्धा लिहिलेलं, जागा वाया घालवायची नाही. वर परत मातीचंच पातळ पाकीट, त्यावर पाठवणाऱ्याचा शिक्का लाटणं फिरवावं तसा फिरवलेला. वाचायचं तर पाकीट फोडायला लागतं. काही पाकिटं न फोडलेलीही सापडली आहेत.

या पाट्या टिकल्या कशा, तर इ.स.पू. १८३५ च्या सुमारास ती पेठ जळाली. कच्ची माती आगीत भाजली गेली.

आता माझा मुद्दा. मी सात वर्षं गारमेंट एक्सपोर्टमध्ये मर्चंडायझर होते, म्हणजे दिवसभर बायरच्या शिव्या इंग्लिशमधून खायच्या आणि फॅक्टरीला त्या हिंदीतून द्यायच्या. त्यामुळे पुझुर-अश्शुर नावाच्या माणसाने वक्कुर्तुम नावाच्या बाईला लिहिलेलं पत्र वाचलं तेव्हा मी हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. तो लिहितो, की मागे पाठवलेलं पातळ कापड तसंच बनवून पाठव, एका बाजूने पिंजून घे, कातरू नको, ताणा घट्ट असू दे, मागच्यापेक्षा नगामागे एक मिना (अर्ध्या किलोच्या आसपास) लोकर जास्त घाल, पण कापड पातळच राहिलं पाहिजे! वजन वाढव पण पातळ ठेव. प्रत्येक बायर. प्रत्येक सीझन. आणि पुढे, तुला पातळ जमत नसेल तर तिकडे बाजारात भरपूर मिळतं असं ऐकतो, विकत घे आणि पाठव. तयार कापड नऊ हात लांब आणि आठ हात रुंद पाहिजे. मी लगेच फोनवर हिशोब केला, त्यांचा हात अर्ध्या मीटरचा, म्हणजे साडेचार मीटर बाय चार, अठरा चौरस मीटर, आणि अभ्यासक एका नगाचं वजन अडीच किलोच्या आसपास धरतात, म्हणजे साधारण १४० जीएसएम, चौरस मीटरला १४० ग्रॅम. लोकरीत १४०! हातमागावर! आपला पातळसा टीशर्ट असतो तेवढं. आणि गंमत म्हणजे हे पत्र गेलं अश्शुरला पण सापडलं कानेशमध्ये, म्हणजे याने स्वतःकडे कॉपी ठेवलेली असावी. सेंट आयटम्स. पक्का बायर.

विणायच्या बायका. नवरे कानेशला, वर्षानुवर्षं, आणि अश्शुरमध्ये बायका, मुली, दासी घरात माग लावून कापड काढायच्या आणि तांड्याबरोबर पाठवायच्या, विकून आलेल्या चांदीवर घर चालायचं आणि त्यातली काही चांदी त्यांची स्वतःची असायची. पुशु-केनची बायको लमास्सी, ही माझी सगळ्यात लाडकी. तिचं एक पत्र आहे त्याचा भावार्थ असा: कुलुमाया नऊ कापडं घेऊन येतोय, इद्दिन-सिन तीन, एला न्यायला तयार नाही, इद्दिन-सिननेही अजून पाच न्यायला नकार दिला. तुम्ही मला सारखं काय लिहिता, की पाठवतेस ती कापडं चांगली नसतात म्हणून? तुमच्या घरात राहून माझ्या कापडाला नावं ठेवणारा हा माणूस आहे तरी कोण? मी इकडे जिवाचं रान करून विणते आणि पाठवते, का तर प्रत्येक खेपेला निदान दहा शेकेल चांदी तरी तुमच्या घरी यावी.

पत्रात 'माणूस'च म्हटलंय, पुरुष. पण माझं डोकं लगेच दुसरीकडे गेलं. कारण तशी सोय होती. या व्यापाऱ्यांना अश्शुरमध्ये एक आणि अनातोलियात एक अशी दुसरी बायको करता यायची, फक्त दोघींचा दर्जा सारखा नको. लकिपुम आणि हताला यांचा करार सापडलाय, त्यात सगळं स्वच्छ लिहिलंय, की या मुलखात तो दुसरी करणार नाही, शहरात म्हणजे अश्शुरला देवाला वाहिलेली बाई करू शकतो, दोन वर्षांत हिच्याकडून मूल झालं नाही तर हिने स्वतःच एक दासी विकत आणून द्यायची, आणि काडीमोड कोणीही घेतला तरी दंड सारखाच, पाच मिना चांदी. शेवटचं कलम वाचून टाळी वाजवावी की त्याच्या आधीचं वाचून डोकं फोडावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

लमास्सीच्या दुसऱ्या पत्रात शेजाऱ्याचं घर येतं. तुम्ही गेल्यापासून त्या शलिम-अहुमने दुप्पट घर बांधलं, आपण कधी बांधणार? आणखी एकात म्हणते, शहरात लोकर महाग झालीय, चांदी पाठवाल तेव्हा लोकरीत घालून पाठवा. माणसं वाईट झालीत, एकमेकांना गिळायला बसलीत. आणि मुलगी मोठी झाली, या, तिला अश्शुरच्या ओटीत घाला. त्यांची एक मुलगी, अहाहा, खरंच देवाला वाहिलेली होती. बाप गेल्यावर तीच अहाहा आपल्या हक्काच्या चांदीसाठी भावांच्या मागे लागलेली पत्रांमधून दिसते.

तरम-कुबी नावाची आणखी एक आहे, तिचा नवरा इन्नाया. त्याने तिला उधळपट्टीबद्दल झापलेलं असणार, त्यावर ही: एक शेकेल मागे ठेवला नाहीत, घर झाडून पुसून नेलंत, तुम्ही गेलात आणि शहरात दुष्काळ पडला, मापभर जव घरात नाही, आणि तुम्ही ज्याबद्दल सारखं लिहिता ती उधळपट्टी कुठली? हीच तरम-कुबी आणि शिमत-अश्शुर नावाची दुसरी बाई मिळून तरम-कुबीच्या भावाला, इम्दी-इलुमला लिहितात, की आम्ही कौल लावणाऱ्या बायकांना विचारलं, आतडी बघणाऱ्यांना विचारलं, पितरांना विचारलं, अश्शुर तुम्हाला बजावतोय. तुम्हाला पैसा प्रिय आहे आणि स्वतःचा जीव नकोसा झालाय.

या सगळ्यावर नवरे काय म्हणाले? हेच जवळजवळ कळत नाही. कारण नवऱ्यांची उत्तरं गेली अश्शुरला, आणि अश्शुरमध्ये त्या काळचा असा साठा सापडलेलाच नाही, मोजक्या पाट्या तेवढ्या. कॉपी ठेवणारे पुझुर-अश्शुरसारखे थोडे. शेजारच्या घरात बाई फोनवर भांडतेय आणि आपल्याला फक्त तिचंच ऐकू येतंय, पलीकडचा काय बोलतोय ते तिच्या उत्तरावरून ताडायचं, तसं.

आता माझ्या घरची पत्रपेटी. आजोबा लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. लांज्याकडचे चौदा-पंधरा बाप्ये एका खोलीत, पाळ्यांप्रमाणे झोपायचे, जेवण खानावळीत. काम एका मिलमध्ये साळखात्यात म्हणजे विणकामाच्या खात्यात, आधी बदली कामगार, मग कायम, शेवटी ८२ चा संप झाला आणि गावी परत गेले ते गेलेच. त्यांची पत्र्याची ट्रंक डोंबिवलीला आमच्याकडे आली. तिच्यात तळाला सुतळीने बांधलेली पोस्टकार्डं आहेत, सगळी आजीची. आजोबांनी आजीला पाठवलेली गावच्या घरी माळ्यावर होती, त्यातलं एकही नाही. पाऊस आणि वाळवी. कोकणात कागद टिकायला तिथेही पेठ जळायला हवी होती की काय, देव जाणे.

तुर्कस्तानातून आल्यावर मी ती कार्डं परत काढली. आधी दोनदा वाचली होती, फार काही लागलं नव्हतं हाताला. 'वि. वि. इकडील सर्व खुशाल. पैसे पावले. कौलं परतून घेतली. रेशनला साखर आली नाही. शेजारच्यांनी चिरेबंदी बांधले.' हे चिरेबंदी वाचून मी थांबले, शलिम-अहुमच डोळ्यासमोर आला. पण बाकी कसं शांत. एक तक्रार नाही, एक टोमणा नाही, आणि आमची आजी तर अशी नव्हती हो, तिची जीभ अख्ख्या वाडीला माहीत होती. आजोबा जेवायला बसले की एक घास सुखाने जाऊ द्यायची नाही. मला वाटलं, पोस्टकार्ड म्हणजे उघडंच, पोस्टमनपासून खोलीतल्या चौदा जणांपर्यंत सगळे वाचणार, म्हणून आवरतं घेतलं असेल. लमास्सीकडे निदान मातीचं पाकीट होतं.

आणि आजीला लिहायला येत नव्हतं. लमास्सीचं असं नसावं, त्या अश्शुरी लोकांनी दीडेकशे चिन्हांत काम भागवलेलं, लेखनिक नसलेले व्यापारीही लिहायचे, आणि काही बायकांच्या पत्रांत चुका अशा आहेत की त्यांनी स्वतःच लिहिली असणार असं अभ्यासकांना वाटतं. आजीची कार्डं बाबा लिहायचे. शाळेतलं वळणदार अक्षर, दहा-अकरा वर्षांचे असतील.

परवा संध्याकाळी कार्डं पसरून बसले होते तर बाबा आले, चष्मा लावून दोन-तीन उचलून बघितली. मी विचारलं, आजी सांगायची तसंच लिहायचात का तुम्ही?

"छे. ती काहीही सांगायची. सगळं कसं लिहिणार?"

म्हणजे?

"म्हणजे रागारागात बोलायची ती. मी पोरगा. बापाला असं लिहायचं म्हणजे... आणि तिला कुठे वाचता येत होतं." मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "एकदा म्हणाली, विचार त्यांना, तिकडे रांधून कोण घालतं. दोन-तीनदा म्हणाली. लिहिलंस का, लिहिलंस का. मी हो म्हटलं."

नाही लिहिलं?

"नाही."

मग त्या जागी काय लिहिलं?

"असंच काहीतरी. म्हैस व्याली होती, ते लिहिलं."

मी ढीग उलटापालटा करून ते कार्ड शोधलं. आहे. खालून तिसरी ओळ, शाई थोडी फुटलीय पण लागतं. 'म्हैस व्याली. रेडकू चांगले आहे.' चांगले वर गिरवून दोनदा लिहिलंय.